वाचनालयाची जुनी जागा विकून नवी घेताना: कलम ३६ च्या परवानगीचा आमचा अनुभव

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या संस्थेचे बदल अर्ज (विश्वस्त किंवा मिळकतीतला बदल धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत घेण्यासाठी करायचे अर्ज) मंजूर झाले. जुनी मिळकत नोंदवहीतून कमी होऊन नवी तिथे चढली. २०२१ च्या पावसाळ्यात सुरू झालेलं काम त्या दिवशी कागदोपत्री पूर्ण झालं. सार्वजनिक विश्वस्त संस्थेची जागा विकायला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती कशी मिळवायची यासाठी सुरुवातीला आम्ही बरीच शोधाशोध केली. कायद्याची कलमं मिळाली, निकालपत्रं मिळाली, पण एखाद्या छोट्या संस्थेने हे प्रत्यक्षात कसं केलं हे सांगणारं काही सापडलं नाही. म्हणून घडलं तसं लिहीत आहे.

आमची संस्था तालुक्याच्या गावातली. एक सार्वजनिक वाचनालय, त्याला जोडून अभ्यासिका, आणि सकाळी बालमंदिर. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशी दुहेरी नोंदणी असल्यामुळे आमचा विश्वस्त नोंदणी क्रमांक 'एफ'ने सुरू होतो. मी कार्यवाह. संस्थेची मिळकत म्हणजे बाजारपेठेतला साडेतीन गुंठ्यांतला दुमजली वाडा, खाली रस्त्याच्या बाजूला दोन दुकानं. दुकानदार जुने भाडेकरू.

ऑगस्ट २०२१ मध्ये मागची भिंत खचली आणि नगरपरिषदेची धोकादायक इमारतीची नोटीस आली. बालमंदिर त्याच आठवड्यात एका सभासदाच्या घरी हलवलं. स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं, त्याचे चाळीस हजार गेले. अहवालाचं म्हणणं थोडक्यात असं, की दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या उरलेल्या आयुष्याच्या मानाने परवडणारा नाही.

त्यानंतरचे सहा-सात महिने आम्ही फक्त काय करायचं हे ठरवण्यात घालवले. हा वेळ मला आजही योग्य वाटतो. पर्याय बरेच होते. तिथेच पाडून बांधावं, तर हातात पैसे नव्हते. संस्थेने कर्ज काढायचं म्हटलं तर त्यालाही कलम ३६अ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि हप्ते फेडण्याइतकं उत्पन्न आम्ही दाखवू शकत नव्हतो. बिल्डरला जागा देऊन वरचा मजला आपल्याला घ्यावा, हा पर्याय बऱ्याच जणांना आवडला होता. पण साडेतीन गुंठ्यांत दुकानं काढून, भाडेकरूंना जागा देऊन, पार्किंग सोडून बालमंदिराच्या वाट्याला अंगण उरत नव्हतं. लहान मुलांना दुसऱ्या मजल्यावर चढवायचं हे बालमंदिराच्या बाईंना पटेना, आणि त्यांचं बरोबर होतं. लांब मुदतीच्या भाड्याने द्यावी म्हटलं, तर बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायलाही कलम ३६ ची परवानगी लागते. (शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षांची आहे.) बिल्डरला विकसनाचे हक्क देतानाही आधी परवानगी घ्यावीच लागेल, असं वकिलांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे दुरुस्ती सोडली तर बाकी कुठलाही मार्ग धर्मादाय कार्यालयातूनच जाणार होता. परवानगीचा त्रास वाचावा म्हणून एखादा पर्याय निवडण्यात काही अर्थ नाही, हे तेव्हाच कळलं ते बरं झालं.

बैठकांमध्ये पेठेतल्या भावाची चर्चा फार व्हायची. एका व्यापाऱ्याने तोंडी एक कोटी दहा लाख सांगितले होते आणि इसार घ्या म्हणून तो मागे लागला होता. एका बैठकीत संस्थापकांच्या कन्या, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, म्हणाल्या, "विकून आलेल्या पैशाचं काय करणार ते आधी लिहून आणा. मग विकायचं की नाही ते बोलू." पुढे विश्वस्त व्यवस्था नियमांतला नियम २४ वाचला, तर तोही हेच विचारतो. विक्रीच्या परवानगीचा अर्ज करताना सांगावं लागतं की संस्थेच्या घटनेत मिळकत विकण्याबद्दल काही निर्देश आहेत का, विक्रीची गरज काय, आणि ही विक्री संस्थेच्या हिताची कशी. सोबत शक्य तोवर तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवालही जोडायचा असतो.

गिऱ्हाईक समोर उभं राहण्याआधी ही उत्तरं कागदावर उतरवा, असं मी प्रत्येक संस्थेला कळकळीने सांगेन. आम्ही लिहायला बसलो तेव्हा पहिल्या मसुद्यात 'सध्या चांगली किंमत येत आहे' हेच गरजेचं कारण म्हणून आलं होतं. ती गरज नव्हे. मग पुन्हा लिहिलं: मुलांना तळमजल्यावर वर्ग आणि मोकळी जागा हवी, अभ्यासिकेला रात्री सुरक्षित असा रस्ता हवा, पुस्तकांना ओल नसलेली इमारत हवी, आणि हे सगळं सध्याच्या जागेत का होत नाही. दोन पानं झाली. पुढे नवी जागा निवडताना तीच दोन पानं आम्ही हातात धरून फिरलो.

व्यापाऱ्याकडून इसार घेतला नाही. पूर्वपरवानगीशिवाय केलेली विक्री वैधच ठरत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने अपवादात्मक परिस्थितीत कार्योत्तर परवानगीची सोय झाली आहे, पण तिच्या भरवशावर कुणी पैसे घेऊ नयेत.

आता कागदांची गोष्ट. आमचा सर्वांत जास्त वेळ इथे गेला, आणि बहुतेक संस्थांचा इथेच जात असावा. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा (म्हणजे संस्थेचे विश्वस्त आणि मिळकत यांच्या तिथल्या नोंदीचा) उतारा काढला, तर विश्वस्त म्हणून त्यावर जुन्या कार्यकारिणीची नावं होती. त्यातले काही जण हयात नव्हते. मधल्या निवडणुकांचे बदल अर्ज त्या त्या वेळी दिलेले होते, पण निकाली निघालेले नव्हते. उताऱ्यावर नाव नाही, तर अर्ज करण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, हा प्रश्न पहिल्याच तारखेला येतो. शिवाय सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर संस्थेचं नाव नव्हतं. तिथे 'अध्यक्ष' म्हणून एका दिवंगत गृहस्थांचं व्यक्तिगत नाव होतं. त्यांच्या वारसांनी कसलीही खळखळ न करता प्रतिज्ञापत्रं दिली. दुसऱ्या गावी हाच मुद्दा वर्षानुवर्षं कोर्टात अडकलेला मी पाहिला आहे.

हे दोन्ही दुरुस्त व्हायला जवळपास पूर्ण २०२२ साल लागलं. जुने बदल अर्ज चालवायचे म्हणजे त्या वेळच्या सभेची सूचना, हजेरी, इतिवृत्त आणि जुन्या विश्वस्तांचं किंवा त्यांच्या वारसांचं म्हणणं, हे सगळं दाखल करावं लागतं. आमची इतिवृत्तं एका सेवानिवृत्त ग्रंथपालांनी नीट बांधून ठेवलेली होती, त्यांचे उपकार मोठे आहेत. तुमची संस्था जागा विकणार नसली तरी परिशिष्ट एकचा ताजा उतारा आणि मिळकत पत्रिका किंवा सातबारा शेजारी ठेवून एकदा बघा. नाव, क्षेत्र, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर जुळतो का ते बघा.

याच काळात कार्यालयाच्या बाकावर वेगवेगळ्या संस्थांची माणसं भेटत गेली. एका चर्चची पंच कमिटी होती. त्यांना चर्चच्या आवारातली पडीक जागा विकून त्यातून स्वतःच्या शाळेचे वर्ग बांधायचे होते. उपासना स्थानिक मंडळीची, देखभालही तिचीच, पण मिशनच्या काळापासून जमीन एका मध्यवर्ती ट्रस्टच्या नावावर. तेव्हा आधी मालक ट्रस्टचा ठराव, मगच पुढचं बोलणं. शिवाय वर्ग हलवायचे तर शिक्षण विभागाची स्थलांतराची परवानगी वेगळी. एका देवस्थानचे पुजारी होते, त्यांची जमीन इनाम वर्ग तीनची, म्हणजे देवस्थानाला इनाम दिलेली निघाली, तिचे नियम आणखी निराळे. वापर कुणाचा आणि मालकी कुणाची हे वेगवेगळं असू शकतं, आणि परवानगी मागायची ती मालकाने.

फेब्रुवारी २०२३ मध्ये विशेष सर्वसाधारण सभा घेतली. घटनेत सांगितलेल्या मुदतीप्रमाणे सूचना पाठवली, ती रजिस्टर पोस्टाने, पोचपावत्या जपून. एका ज्येष्ठ सभासदांनी विक्रीला विरोध केला. त्यांचं बालपण त्या वाड्यात पुस्तकं वाचण्यात गेलं होतं आणि दुरुस्ती शक्य आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. काही जण म्हणाले, विरोध इतिवृत्तात कशाला लिहायचा. आम्ही तो त्यांच्याच शब्दांत लिहिला. याचं एक कायदेशीर कारणही आहे: फसवणूक करून, चुकीची माहिती देऊन किंवा महत्त्वाची गोष्ट दडवून मंजुरी घेतली असं दिसलं, तर कलम ३६ (२) खाली ती रद्द होऊ शकते. भाडेकरूंची नावं, त्यांचं भाडं, नगरपरिषदेची नोटीस, विरोधाची नोंद, सगळं आम्ही अर्जात स्वतःहून मांडलं.

मूल्यांकन शासनमान्य मूल्यनिर्धारकाकडून करून घेतलं, फी पस्तीस हजार. त्यांनी एक कोटी अठरा लाख काढले. दोन्ही दुकानदारांना १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असल्यामुळे भाडेकरूंसह मिळकतीची किंमत मोकळ्या जागेपेक्षा कमी धरली जाते, हे त्यांनी अहवालात कारणांसह लिहिलं होतं. रेडी रेकनरचा (सरकारी दरतक्त्याचा) आकडा वेगळा जोडला. मूल्यांकन मागवताना त्यांना आमच्याकडे आलेल्या तोंडी भावाबद्दल काही सांगितलं नाही, आणि तसंच करावं.

मग जाहीर नोटीस. एक राज्यभर खपणारं मराठी दैनिक आणि एक जिल्ह्यातलं, दोन्ही मिळून अठ्ठावीस हजार. नोटिशीत क्षेत्र, चतुःसीमा, भाडेकरू, 'आहे त्या स्थितीत' विक्री, पाच लाखांचा डिमांड ड्राफ्ट, बंद पाकीट, आणि 'विक्री धर्मादाय कार्यालयाच्या परवानगीच्या अधीन' हे वाक्य. पाकिटं कार्यकारिणीच्या बैठकीत, देकार (खरेदीचे प्रस्ताव) देणाऱ्यांच्या समोर उघडली आणि त्याचं चित्रीकरण केलं. चार देकार आले. सर्वांत वरचा एक कोटी अडतीस लाखांचा, आणि तो पहिल्या व्यापाऱ्याचा नव्हता.

अर्ज मे २०२३ मध्ये सहधर्मादाय आयुक्तांकडे दाखल झाला. वकिलांची फी पंचाहत्तर हजार ठरली, सगळ्या तारखांची मिळून. ठरवताना 'सगळ्या तारखांची मिळून' हे लिहून घ्या. निरीक्षक जागेवर येऊन गेले, त्यांचा अहवाल आला. विरोध करणाऱ्या ज्येष्ठांनी हरकत दाखल केली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, पण थकवा आला हे खरं. तारखा पडत राहिल्या. कधी बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) मोठा, कधी समोरचे वकील गैरहजर, कधी मध्येच सुट्टी. आमचे खजिनदार एसटीने पहाटे निघून यायचे आणि पुढची तारीख घेऊन रात्री परतायचे. तारखेच्या आदल्या दिवशी वकिलांच्या कार्यालयात फोन करून प्रकरण बोर्डावर आहे ना, विचारून घ्यायचं ही सवय आम्हाला पुढे लागली. मूळ कागदांची एक फाईल आणि अनुक्रमणिका लावलेली झेरॉक्सची दुसरी, दोन्ही प्रत्येक वेळी बरोबर.

हरकतीला उत्तर म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट कामी आलं. मी जबाबात त्यांच्या हेतूबद्दल एक शब्दही लिहू दिला नाही, फक्त दुरुस्तीच्या खर्चाचा तक्ता जोडला. निर्णय फिरवायची ताकद असलेली माहिती तेवढीच होती.

दरम्यान एका नव्या माणसाने थेट कार्यालयातच जास्त रकमेचा देकार दिला. आमच्या काही सदस्यांना हे आवडलं नाही, कारण आम्ही जाहिरात देऊन रीतसर पाकिटं उघडली होती. पण धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची मिळकत खासगी वाटाघाटीने न विकता जाहीर लिलावाने विकावी, जास्तीत जास्त किंमत मिळेल असं पाहावं, असं सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या एका देवस्थानाच्या जमिनीच्या प्रकरणात १९८६ मध्येच सांगितलं आहे. त्यामुळे सर्व देकारदारांना एका तारखेला बोलावून समोरासमोर बोली वाढवायची संधी दिली गेली. भाव एक कोटी बावन्न लाखांवर थांबला. तोंडी भाव आणि हा भाव यांत बेचाळीस लाखांचा फरक. त्या दिवशी मला पहिल्यांदा या सगळ्या दिरंगाईबद्दलचा राग उतरल्यासारखा वाटला. बेचाळीस लाखांत बालमंदिराचे वर्ग उभे राहतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश झाला. अटी अशा: ठरलेल्या मुदतीत खरेदीखत, रक्कम संस्थेच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत, ती फक्त नवी जागा आणि बांधकामासाठी वापरायची, आणि पूर्ततेचा अहवाल द्यायचा. आदेश हातात आल्यावर मुदतीची तारीख लगेच कॅलेंडरवर लिहा. मुदत संपली तर मुदतवाढीचा अर्ज, म्हणजे पुन्हा तारखा.

खरेदीखत एप्रिलमध्ये झालं. मुद्रांक शुल्क खरेदीदाराचं. व्यवहार पन्नास लाखांच्या वरचा, म्हणून त्याने एक टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापला, आमच्यासाठी एक लाख बावन्न हजार. संस्था करमुक्त आहे म्हणून हा टीडीएस टळत नाही, विवरणपत्र भरून परत मागावा लागतो. आमच्या सीएंनी आधीच सावध केलं होतं की तेव्हाच्या (१९६१ च्या) आयकर कायद्याच्या कलम ११ (१ए) प्रमाणे विक्रीची निव्वळ रक्कम पूर्णपणे दुसऱ्या भांडवली मालमत्तेत गुंतवली तरच संपूर्ण नफा धर्मादाय कामासाठी वापरला असं धरलं जातं. सहा महिने किंवा त्याहून जास्त मुदतीची बँकेतली ठेवही त्यासाठी चालते, अशी आयकर विभागाची जुनी सूचना होती. त्यामुळे बांधकामासाठी राखलेले पैसे बचत खात्यात न ठेवता एक वर्षाच्या ठेवीत ठेवले. ही चर्चा विक्रीच्या आधी करा. मार्च-एप्रिलमध्ये विक्री असेल तर कोणत्या आर्थिक वर्षात पडते हेही बघा.

नवी जागा शोधताना शेतजमिनी स्वस्त मिळत होत्या. पण संस्था शेतकरी नसल्यामुळे कुळकायद्याच्या कलम ६३ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागली असती. एक चांगली जागा भोगवटादार वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) निघाली, ती सोडली. दुसरीचा भाव कमी होता पण रस्ता फक्त तोंडी कबुलीवर होता. शेवटी नगरपरिषद हद्दीतला नऊ गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट ठरला, अठ्ठ्याहत्तर लाखांना. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास), सरकारी मोजणी, मग खरेदी. मुद्रांक शुल्क पाच लाखांच्या घरात गेलं, नोंदणी फी तीस हजार. या वेळी एक टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी आमची होती. तेव्हा त्यासाठी फॉर्म २६क्यूबी होता, त्याला टॅन (कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक) लागला नाही, पॅनवर झालं. वाटेतल्या वडाखाली मुलांना खेळता येईल म्हणून ताईंनी हाच प्लॉट उचलून धरला होता. पण आमच्या दोन पानांतल्या बहुतेक गोष्टीही तिथेच जुळत होत्या.

मिळकतीतला बदल नव्वद दिवसांच्या आत कळवावा लागतो. जुनी मिळकत कमी करण्याचा आणि नवी चढवण्याचा असे दोन्ही बदल अर्ज आम्ही मुदतीत दिले, सोबत सूची दोन (नोंदणी कार्यालयातला खरेदीखताच्या नोंदीचा उतारा), परवानगीचा आदेश आणि बँकेचे दाखले. आदेशातल्या अटींच्या पूर्ततेचा अहवाल स्वतंत्र दिला आणि त्याची पोच घेतली. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना पत्त्यातला बदल कळवला.

सध्या वाचनालय भाड्याच्या हॉलमध्ये आहे आणि बांधकामाचा नकाशा नगरपरिषदेत मंजुरीला आहे. हरकत घेणारे आमचे ज्येष्ठ बांधकाम समितीवर आहेत. पुस्तकांच्या खोलीची खिडकी कुठल्या दिशेला असावी यावर त्यांनी मला गेल्या आठवड्यात दीड पानाचं पत्र दिलं, ते मी आर्किटेक्टकडे पाठवलं आहे.